कॉलेज फुटबॉलचा नवा हंगाम: पैज लावण्याआधी एका संघाचा हिशेब कसा मांडायचा

ऑगस्ट २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ एपी वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत दहावा होता. आदल्या वर्षीचे साखळीतले बाराही सामने आणि वर एसीसी या आपल्या परिषदेची (संघांच्या गटाची) अंतिम लढत त्यांनी जिंकली होती. बुकींनी त्यांच्या विजयांची रेषा, म्हणजे पैजेचा आकडा, बहुतेक ठिकाणी साडेनऊवर ठेवली. नोव्हेंबर संपला तेव्हा त्यांच्या खात्यात २ विजय आणि १० पराभव होते. त्याच हंगामात इंडियाना विद्यापीठाच्या संघाला बाजाराने साडेपाच विजयांच्या लायकीचं धरलं होतं आणि बिग टेन या त्याच्या परिषदेच्या वार्ताहरांनी १८ संघांत १७ वं बसवलं होतं. तो संघ ११ सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेला.

दोन्हीकडे बाजार सपशेल चुकला. पण दोन्ही संघांचे कागद उन्हाळ्यात सगळ्यांसमोर उघडे होते. ते वाचायचे कसे, हा या लेखाचा विषय. यातून २-१० किंवा ११-१ ओळखता येईल असं मी म्हणणार नाही. रेषा कोणत्या बाजूला ताणलेली आहे एवढं मात्र बरेचदा कळतं, आणि पैजेसाठी तेवढंच लागतं. संघ चांगला की वाईट यावर पैसे मिळत नाहीत. बाजाराने लावलेल्या आकड्यापेक्षा तो चांगला की वाईट, यावर मिळतात.

नवख्यांसाठी दोन ओळी: हे अमेरिकन फुटबॉल आहे. वरच्या गटातला, म्हणजे एफबीएसमधला, प्रत्येक संघ ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर साधारण १२ सामने खेळतो. त्यातले किती जिंकेल यावर बुकी एक आकडा ठेवतो, आणि तुम्ही त्याच्या वर म्हणजे ओव्हर किंवा खाली म्हणजे अंडर घेता.

आधी कायदा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी क्रीडा पैजांवरचा केंद्रीय निर्बंध रद्द केला आणि प्रश्न राज्यांवर सोडला. म्हणून नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या सर्वांत मोठ्या दोन राज्यांत अजून परवानाधारक स्पोर्ट्सबुक (पैजा घेणारी कंपनी) नाही. न्यू जर्सीत आहे, पण तिथे राज्यातल्याच कॉलेज संघांवर पैज घेत नाहीत. एडिसनच्या मराठी मंडळींना आपल्या राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाचा अंदाज फक्त गप्पांत मांडता येतो. ओहायोने २०२४ मध्ये कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवरच्या पैजा बंद केल्या. वयाची अट बहुतेक ठिकाणी २१.

भारतात बसून वाचत असाल तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. पुढची सगळी आकडेमोड कागदावर करा. त्याला परवाना लागत नाही.

गेल्या वर्षीचा निकाल धुऊन घ्या

मागच्या हंगामातला विजय-पराभवांचा आकडा हा सगळ्यात दिसणारा आणि सगळ्यात फसवा आकडा. पहिलं काम म्हणजे बाराही सामन्यांचे गुण समोर ठेवून आठ किंवा त्याहून कमी गुणांनी सुटलेले सामने वेगळे काढायचे. आठ गुण म्हणजे एक टचडाउन आणि त्यावरचे दोन, म्हणजे एका चढाईचा फरक. अशा सामन्यांत कोणताही संघ वर्षानुवर्षं सातत्याने जिंकत राहत नाही.

टीसीयूचं, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचं, २०२२ चं वर्ष बघा. साखळीत १२-०, प्लेऑफमध्ये मिशिगनवर ५१-४५ असा विजय, राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल. पण वाटेत बेलरला शेवटच्या क्षणाच्या किकवर २९-२८, कॅन्ससला ३८-३१, टेक्सासला १७-१० असे निसटते निकाल होते. अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं चिरडलं. २०२३ मध्ये तोच संघ ५-७ वर उतरला.

उलट उदाहरण नेब्रास्काचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२१ मध्ये ते ३-९ होते, पण नऊच्या नऊ पराभव एक अंकी फरकाचे. हंगामभरात त्यांनी केलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा जास्त होते. पुस्तकी हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये नशीब पालटायला हवं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून मार खाल्ला, दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्टची हकालपट्टी झाली आणि हंगाम ४-८ वर संपला. निसटते पराभव नशिबाचे की शेवटच्या पाच मिनिटांत हमखास घोळ घालणाऱ्या संघाचे, हे गुणफलक सांगत नाही. चौथ्या क्वार्टरचा वृत्तांत वाचावा लागतो: किक अडवली गेली का, वेळेचं गणित चुकलं का, पंट (चेंडू दूर मारून सोडून देणारी किक) परतवू दिला का. एकाच संघाकडून तीच चूक वर्षभर होत असेल तर तिला दुर्दैव म्हणू नका.

टर्नओव्हरचंही, म्हणजे चेंडू समोरच्या संघाकडे जाण्याचंही, असंच. खाली पडलेला चेंडू, म्हणजे फंबल, कोणाच्या हाती लागेल हे जवळजवळ नाणेफेकीसारखं. ज्या संघाने गेल्या वर्षी समोरच्यांचे बहुतेक फंबल उचलले, त्याचा आकडा मनातल्या मनात थोडा खाली आणा.

बोल सामन्यांना, म्हणजे साखळीनंतरच्या निमंत्रित सामन्यांना, फार भाव देऊ नका. ३० डिसेंबर २०२३ ला ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं हरवलं, पण मैदानावर तो हंगामभराचा संघ नव्हताच. एनएफएल या व्यावसायिक लीगकडे निघालेले आणि संघ बदलायला पोर्टलमध्ये उतरलेले कितीतरी खेळाडू बाहेर बसले होते. गंमत अशी की नेमका हाच सामना पुढच्या वर्षाचा संघ दाखवत होता, पण तो उन्हाळ्यात 'मोजायचाच नाही' या रकान्यात गेला. माझा नियम असा: बोलच्या गुणांकडे दुर्लक्ष करा, पण पुढच्या वर्षी खेळणारे कोण मैदानात होते आणि कसे दिसले, ते बघा.

कोण गेलं, कोण आलं, आणि कोणाबरोबर आलं

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकी सगळं इथल्या चुकीवर कोसळतं.

ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. २०२१ पासून एकदा संघ बदलल्यावर वर्षभर बसून राहायची सक्ती गेली आणि २०२४ च्या वसंतात कितीही वेळा बदलायची वाट मोकळी झाली. जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, आणि ही व्यवस्था स्वीकारणाऱ्या संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू. त्यामुळे 'गेल्या वर्षीचा संघ' ही कल्पनाच पातळ झाली आहे. तुमच्यासाठी एक सोय मात्र झाली: २०२६ पासून फुटबॉलच्या पोर्टलची मुख्य खिडकी एकच, २ ते १६ जानेवारी. पूर्वी वसंतातल्या दुसऱ्या खिडकीनंतर पुन्हा यादी तपासावी लागे. आता मार्चमध्ये बनवलेली यादी ऑगस्टपर्यंत बऱ्यापैकी टिकते. अपवाद प्रशिक्षक बदललेल्या संघांचा, तिथे वेगळी मुदत मिळते.

विद्यापीठाच्या अधिकृत यादीवरून आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा संभाव्य खेळाडू लिहा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी: या पातळीवर किती सामने सुरुवातीपासून खेळला, कुठल्या संघात, आणि कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. ईएसपीएनचे बिल कॉनेली दरवर्षी परतणाऱ्या कामगिरीचे टक्के प्रसिद्ध करतात. ते वापरा, पण आपली यादी आधी करा, कारण एका टक्केवारीत क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा) आणि राखीव रिसीव्हर (फेक झेलणारा) एकमेकांत मिसळून जातात.

सगळ्या जागा सारख्या नाहीत. क्वार्टरबॅक वेगळाच. त्याच्यानंतर मी ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे त्याच्यासमोर भिंत करणारे, पाच बघतो, एकेकटे नाही, एकत्र. हे पाच जण शेजारच्याच्या हालचालीवर खेळतात. चांगले पाच वेगवेगळ्या पाच विद्यापीठांतून आणले तर सप्टेंबरमध्ये त्यांच्यातल्या फटी दिसतात. त्यानंतर बचावाची मागची फळी, म्हणजे कॉर्नर आणि सेफ्टी. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक जाण्याचा गाजावाजा खूप होतो, पण तो सगळ्यात सहज भरून निघतो.

आता फ्लोरिडा स्टेटची २०२४ ची यादी या नजरेने बघू. एप्रिलच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत, त्यांचे दहा जण गेले: जॅरेड व्हर्स, किऑन कोलमन, ब्रेडन फिस्क, ट्रे बेन्सन, जॉनी विल्सन आणि आणखी पाच. त्या दहांतला एक होता क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाय मोडेपर्यंत तोच संघाचा कणा होता. त्याच्या जागी आला डीजे उइयागालेले: आधी क्लेमसन, मग ओरेगॉन स्टेट, आता तिसरं विद्यापीठ. नाव मोठं, फेक लांब, पण आपल्या बळावर सामना खेचून आणण्याचा पुरावा ट्रॅव्हिसइतका कधीच नव्हता. रिसीव्हर नवे, समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा पास रशर नवा. तरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर १३-० होतं.

इंडियानाची यादी वरवर याहून वाईट दिसायची. २०२३ मध्ये ३-९, प्रशिक्षक नवा, अर्ध्याहून जास्त चेहरे बाहेरचे. पण कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना तिथले तेरा खेळाडू आणि दोन्ही कोऑर्डिनेटर (आक्रमण आणि बचावाचे प्रमुख सहायक प्रशिक्षक) घेऊन आले होते. तो जेम्स मॅडिसनचा संघ आदल्या साखळीत ११-१ होता. एडन फिशर, डी'अँजेलो पाँड्स, मिकाइल कमारा, एलायजा सॅरॅट हे एकाच पद्धतीत आधीच मुरलेले. क्वार्टरबॅक कर्टिस रॉर्क ओहायो विद्यापीठात अनेक हंगाम खेळून आलेला. म्हणजे कागदावर 'नवा' दिसणारा हा संघ प्रत्यक्षात बऱ्यापैकी जुना होता, फक्त पत्ता बदललेला. टक्केवारीच्या रकान्यात हे तेव्हा नीट दिसत नव्हतं. तिसरा रकाना, 'कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली', तिथे दिसत होतं.

प्रशिक्षकांबद्दल थोडक्यात. मुख्य प्रशिक्षक तोच राहिला तरी दोन्ही कोऑर्डिनेटर तेच आहेत का, आणि आक्रमणात डाव कोण पुकारतं, हे शोधा. डाव पुकारणारा बदलला तर पहिल्या तीन-चार सामन्यांच्या अंदाजातली खात्री कमी करा. आकडा खाली आणायलाच हवा असं नाही. वसंतातल्या सराव सामन्याच्या बातम्यांतलं कौतुक मी वाचत नाही. तिथे आपलीच बाजू आपल्याच बाजूला हरवते.

वेळापत्रक: सामन्यागणिक टक्के

आता प्रत्येक सामन्याला जिंकण्याची शक्यता द्यायची. त्यासाठी गुणांमधली ताकद हवी. ईएसपीएनचा एफपीआय किंवा कॉनेलींचा एसपी प्लस हे संघांच्या ताकदीचे आकडे सुरुवातीला घ्या, तुमच्या यादीवरून दोन-तीन गुण इकडेतिकडे करा, घरच्या मैदानासाठी दोन ते अडीच गुण धरा. दोन संघांच्या ताकदीतला फरक म्हणजे तुमचा स्प्रेड, अपेक्षित गुणफरक. त्यावरून शक्यता साधारण अशी निघते: ३ गुणांचा वरचढ संघ ५७ टक्के वेळा जिंकतो, ७ चा ६८, १० चा ७४, १४ चा ८२, २१ चा ९० च्या आसपास.

मग वेळापत्रकाचा पोत बघा. सुट्टीचा आठवडा कुठे आहे आणि समोरचाही सुट्टीवरून येतोय का. दूरचा प्रवास, आठवड्याच्या मधला सामना, मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या आधीचा 'सोपा' सामना. २०२६ पासून एसईसी परिषदेचे संघ आपसात आठऐवजी नऊ सामने खेळणार आहेत. नववा सामना एकाचा विजय आणि दुसऱ्याचा पराभव असतोच, आणि तो बहुतेकदा एखाद्या सोप्या पाहुण्याची जागा खातो. जुन्या सवयीने 'हा नऊ विजयांचा संघ' म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं.

फ्लोरिडा स्टेटचं २०२४ चं वेळापत्रक घेऊन करून दाखवतो. टक्के माझे आहेत, ऑगस्टमधल्या आशावादी माणसाच्या नजरेने मुद्दाम सढळ हाताने दिलेले. डब्लिनमध्ये जॉर्जिया टेक ७५. घरी बोस्टन कॉलेज ८५, मेम्फिस ८०, कॅल ८५. बाहेर एसएमयू ६८. घरी क्लेमसन ५७. बाहेर ड्यूक ८०, मायामी ४७. घरी नॉर्थ कॅरोलिना ७८. बाहेर नोत्र दाम ४२. घरी चार्ल्सटन सदर्न ९९ आणि शेवटी फ्लोरिडा ७५.

बारापैकी दहा सामन्यांत संघ वरचढ आहे. इथे बहुतेक जण १०-२ लिहून मोकळे होतात. पण टक्क्यांची बेरीज करा: ८७१, म्हणजे ८.७ विजय. इतक्या उदार हाताने देऊनही साडेनऊच्या बरंच खाली. ७५ टक्क्यांचे चार सामने म्हणजे चार विजय नव्हेत, तीन. हंगामपूर्व अंदाजांतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात नियमित चूक हीच आहे, आणि मोठ्या नावाच्या संघांचे ओव्हर महाग होतात ते यामुळेच.

बेरजेवरून दहा किंवा जास्त विजयांची शक्यता काढायची तर स्प्रेडशीटमध्ये बारा सामने हजारो वेळा खेळवा. वरच्या टक्क्यांनी उत्तर साधारण २९ येतं, म्हणजे अंडर ७१. पण या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. ही आकडेमोड धरून चालते की प्रत्येक सामन्यातली तुमची चूक स्वतंत्र आहे. ती तशी नसते. क्वार्टरबॅकबद्दल तुमचा अंदाज चुकला तर बाराही सामन्यांत एकदम चुकतो. वरच्या टक्क्यांनी २-१० हा निकाल हजारात एकदाही येत नाही. प्रत्यक्षात तो आला. जॉर्जिया टेककडून २४-२१, बोस्टन कॉलेजकडून २८-१३, मेम्फिसकडून २०-१२ असे पहिले तिन्ही सामने गेले, मग कॅलवर १४-९ असा कसाबसा विजय. नोत्र दामने ५२-३ हरवल्यावर दोन्ही कोऑर्डिनेटर गेले. म्हणून संघाची ताकदच चार-पाच गुणांनी वरखाली करून दोन-तीन वेगळे हंगाम मांडा आणि त्यांची सरासरी घ्या. तसं केल्यावर ७१ चे ६५ होतात. हा कमी झालेला आकडाच खरा मानायचा.

आता भाव

मी रेषा शेवटी बघायला सांगतो, कारण ती आधी दिसली की टक्के आपोआप तिच्याकडे सरकतात.

अमेरिकन भाव असे वाचा. उणे ११० म्हणजे १०० जिंकायला ११० लावायचे; बरोबरीत सुटायला ५२.४ टक्के वेळा खरं ठरावं लागतं. उणे १३० ला ५६.५ टक्के. अधिक ११० म्हणजे १०० लावून ११० मिळतात, तिथे ४७.६ पुरतात. समजा अंडर उणे १३० आणि ओव्हर अधिक ११० असेल, तर दोन्हींची बेरीज १०४.१ होते; वरचे ४.१ बुकीच्या खिशातले. तुमचा अंडर ६५ टक्के आणि लागणारे ५६.५, तर पैज घेण्यासारखी आहे. तुमचे ५८ आले असते तर सोडून द्या; दीड टक्का ही तुमच्या अंदाजातली धूळ आहे.

दोन-तीन बुककडचे आकडे ताडून बघा. एकाकडे ९ आणि दुसऱ्याकडे साडेनऊ असेल तर अंडरवाल्याने भाव थोडा वाईट असला तरी साडेनऊ घ्यावा. ९ वर नेमके नऊ विजय झाले तर पैसे फक्त परत मिळतात.

नियमांचं पान वाचा. परिषदेचा अंतिम सामना, बोल आणि प्लेऑफ सहसा धरत नाहीत. रद्द झालेल्या सामन्याचं काय, हेही बघा: सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळामुळे लिबर्टी आणि अ‍ॅपलेशियन स्टेट यांचा सामना झालाच नाही आणि दोघेही साखळीत अकराच खेळले. काही बुक अशा वेळी पैसे परत करतात, काही उरलेल्यांवर निकाल लावतात.

वेळेबाबत: जूनमध्ये लावलेले पैसे नोव्हेंबरअखेरपर्यंत अडकतात. सरावातल्या दुखापतीची बातमी ऑगस्टमध्ये येते, त्यामुळे ओव्हर मी उशिरा घेतो. दुखापत विजय क्वचितच वाढवते, म्हणून अंडरला थांबायचं तेवढं कारण नसतं. बिग टेन, एसईसी, एसीसी आणि बिग १२ आता सामन्याआधी खेळाडूंच्या उपलब्धतेचा अहवाल काढतात, पण तो हंगाम सुरू झाल्यावर.

एका संघावर एकूण रकमेच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त लावू नका, आणि ओव्हर घेतलेल्याच संघाचं परिषद विजेतेपद किंवा प्लेऑफ घेणं म्हणजे तीच पैज तीनदा लावणं आहे हे लक्षात असू द्या. आपण शिकलो त्या विद्यापीठाचा संघ यादीतून काढलेलाच बरा. पर्ड्यूमध्ये दोन हिवाळे काढलेल्या माणसाचे टक्के पर्ड्यूबद्दल सरळ येत नाहीत. २०२६ पासून अमेरिकी आयकरात हरलेल्या रकमेची वजावट ९० टक्क्यांपर्यंतच मिळते, त्यामुळे वर्षअखेर बरोबरीत सुटलेल्यालाही कर बसू शकतो. प्रत्येक पैजेची नोंद ठेवा. आणि ठरवलेल्या रकमेबाहेर हात जाऊ लागला तर १-८००-४२६-२५३७ ही अमेरिकेतली मदतवाहिनी आहे.

नोंदीच्या वहीत एक रकाना अधिक ठेवा: हंगाम सुरू होताना रेषा कुठे बंद झाली. तुम्ही साडेनऊला अंडर घेतला आणि ती साडेआठला बंद झाली, तर संघ दहा जिंकला तरी तुमचं वाचन बरोबर दिशेने होतं. पाच-सहा संघांवर हा रकाना सतत उलटा येत असेल तर पुढच्या जानेवारीत पुन्हा खेळाडूंच्या यादीपासून सुरुवात करा. बहुतेक वेळा गडबड तिसऱ्या रकान्यात सापडते.